नामंजूर चाल

८ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय बारक्या,

आज साडेसहाला उठलो. नऊला दुकान उघडलं. पाण्याच्या पंपाची एक मोटार आणि दोन टेबलफॅन आले. पंपाची जळालेली कॉइल काढली, खाचा साफ केल्या, त्यांत इन्सुलेशनचे नवे कागद बसवले. अकराला वीज गेली. दुपारभर येणार नाही असं शेजारचा चष्मेवाला म्हणाला, म्हणून साडेबाराला दुकान बंद करून घरी आलो, जेवलो, आणि आता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसलो आहे.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी फक्त 'बरं, बघू' म्हणालो. तुला वाटलं असेल, काकाला भरून आलं. तू म्हणालास, महिनाअखेरीला राजीनामा देतो आणि परत येतो, तुला एकट्याला त्या दुकानात सोडवत नाही. आणि फोन ठेवता ठेवता म्हणालास, 'त्या डावात बाबांनी शेवटपर्यंत पूल सोडला नाही, आणि मी मात्र भांडून पळालो. त्यांच्यासाठी नाही आलो, निदान तुझ्यासाठी तरी येऊ दे.' मला फोनवर तसंही बोलता येत नाही, समोरासमोर त्याहून नाही. म्हणून हे पत्र. शुक्रवारपर्यंत तुला मिळेल असा अंदाज आहे. ते पूर्ण वाचल्याशिवाय तिथल्या साहेबांशी बोलू नकोस, एवढं कर.

दादाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. कसं चाललंय म्हणून विचारलंस, तर सांगतो. गिऱ्हाइकं येतात, आत डोकावतात आणि 'मोठे कुठे आहेत?' म्हणतात. मी 'ते आता नाहीत' म्हणतो. गेल्या आठवड्यात एक बाई म्हणाल्या, 'बरं, मग उद्या येते.' त्यांना उलगडून सांगणं मला जमलं नाही. त्या खरंच दुसऱ्या दिवशी आल्या आणि मिक्सर ठेवून गेल्या, मोठ्यांनाच दाखवा असं मला बजावून. दादाचं स्टूल मी हलवलेलं नाही. त्याला वळसा घालून जावं लागतं, एवढंच. माझी बोटं बारीक तारेला आता साथ देत नाहीत. ते तुला माहीत आहे, कारण तू दुकानात होतास तेव्हा माझ्या वाट्याच्या बारीक कॉइल्स तूच गुपचूप गुंडाळून द्यायचास. दादाला ते कधी कळलं नाही, की कळूनही तो गप्प राहिला, देव जाणे. हे सगळं सांगतोय ते तू यावंस म्हणून नाही. उलट आहे, पण ते मला सरळ सांगता येत नाहीये. थोडं मागून यावं लागेल.

तो लढाईचा खेळ घरात आला तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास आणि वहिनीला जाऊन वर्षही झालं नव्हतं. खेळण्यांचं एक दुकान बंद होत होतं, दादाने तिथून एकाच खेळाचे दोन खोके उचलून आणले. दोन का, तर दोनच उरले होते. नकाशावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, सैन्याच्या तुकड्या म्हणून पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या, आणि कुणीतरी परक्या भाषेतून ओढूनताणून आणलेली नियमांची पुस्तिका. दोन खोके होते म्हणूनच दादाला ती कल्पना सुचली. खऱ्या लढाईत शत्रू समोर मांडून ठेवलेला असतो का, मग इथेही तो दिसायला नको. तू पुढच्या खोलीत एक नकाशा घेऊन, दादा मागच्या खोलीत दुसरा घेऊन, आणि मधे स्वयंपाकघरात मी, दादाने ट्रेसिंग पेपरवर उतरवलेला तिसरा नकाशा घेऊन. तुम्ही चाली चिठ्ठीवर लिहायच्या, मी दोन्ही चिठ्ठ्या आणून माझ्या नकाशावर दोघांच्या तुकड्या हलवायच्या, आणि ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच त्याला जाऊन सांगायचं. तुकडीला फक्त शेजारच्या घरातलं दिसतं, त्यापलीकडचं नाही. पंच मी, कारण माझ्या तोंडावरची माशीसुद्धा हलत नाही असं दादाचं मत होतं.

काय आवाज असायचा तेव्हा घरात! दादा मागून ओरडायचा, 'पंचमहाराज, पायाला मुंग्या आल्या का? इकडे माझं सैन्य म्हातारं झालं!' तू पुढून विचारायचास, 'काका, बाबा हसले का आत्ता? म्हणजे मी मेलो ना?' मी म्हणायचो, त्याला ढेकर आला. एरवी तुम्हा दोघांचं बोलणं म्हणजे 'पाना दे' आणि 'मीठ दे'. चिठ्ठीवर मात्र दादा तुला लांबलचक लिहायचा. तुझ्या एका हल्ल्यावर त्याने मला दिलेल्या चिठ्ठीच्या मागे 'पोरगं शहाणं आहे' असं लिहिलं होतं. तुला ते दाखवायची मला परवानगी नव्हती. पंचाने एकाचं दुसऱ्याला सांगायचं नसतं.

पहिल्याच वर्षी डाव संपल्यावर तुम्ही माझ्या नकाशाभोवती बसून कोण कुठे चुकलं याची चिरफाड केलीत आणि चार दिवस एकमेकांशी बोलला नाहीत. तेव्हापासून ठरलं की डाव संपला की तुम्ही आत यायच्या आधीच मी सोंगट्या खोक्यात भरायच्या, टेबल पुसायचं आणि ताटं मांडायची. कोणाचं काय कुठे होतं ते पंचापाशीच राहील. हा नियम पुस्तिकेतला नव्हता, आपल्या घराचा होता, आणि आपण तो एकदाही मोडला नाही. मोडला असता तर बरं झालं असतं.

तू तेवीस वर्षांचा असताना पवनचक्क्यांच्या कंपनीचं पत्र आलं. समुद्रकाठी उंच खांबांवरची यंत्रं बसवायची आणि सांभाळायची. ते पत्र तू दुकानात वाचून दाखवलंस. दादा बेअरिंग पुसत होता, त्याने मान वर केली नाही. 'तिकडे वर चढून काय करणार? इथे खाली काय कमी काम आहे?' म्हणाला. तू म्हणालास, 'बाबा, मी विचारत नाहीये, सांगतोय.' 'सांगतोयस तर मग अजून इथे कशाला उभा आहेस?' त्यानंतर आठवडा गेला. शनिवारी दादानेच खोका काढला. 'हरव मला आणि जा. हरलास तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.' तू 'कबूल' म्हणालास. मी मध्ये पडायला हवं होतं. माणसाचं आयुष्य कुणी सोंगट्यांवर टाकतं का? पण मी टेबल पुसलं आणि नकाशा अंथरला.

तो डाव तुला माझ्याइतकाच आठवत असणार, तरी लिहितो, कारण तुला त्याची एकच बाजू माहीत आहे. वीस चाली. कालव्यावर एकच पूल. तुझी मुख्य तुकडी त्या पुलावरून नकाशाच्या कडेबाहेर गेली की तू जिंकलास. दादाने दोन ताज्या तुकड्या पुलावरच बसवल्या होत्या. तू रस्ता सोडून दलदलीत शिरलास, जे कुणी केलं नसतं. धडधाकट तुकडीला एका चालीत चार पावलं मिळतात. दमलेल्या तुकडीची सोंगटी उलटी ठेवायची, तिला दोनच. दलदलीच्या घरातून बाहेर पडायला तीन लागतात. अठराव्या चालीला तुझी मुख्य तुकडी दलदलीच्या शेवटच्या घरात उलटी पडलेली होती. शेजारचं घर पुलाच्या तोंडाचं. तू चिठ्ठीवर पुस्तिकेच्या पाचव्या पानावरची ओळ जशीच्या तशी उतरवलीस, 'कोणतीही तुकडी एका चालीत किमान एक घर सरकू शकते, भूभागाची मनाई नसल्यास.' आणि खाली लिहिलंस, 'त्याप्रमाणे एक घर, पुलाच्या तोंडाशी.' अठराला तोंडाशी, एकोणीसला पुलावर, वीसला बाहेर. तू मोजूनच आला होतास. पुलावर दादाच्या तुकड्या असणारच असं धरून तिथे धडक मारायची, एवढाच तुझा बेत.

आता मनाई म्हणजे काय? पुस्तिकेच्या शेवटी तक्ता आहे. त्यात तळं आणि कडा यांच्यापुढे फुली आहे. तिथे जाताच येत नाही. दलदलीपुढे फुली नाही, तीनचा आकडा आहे. आकडा म्हणजे महाग. फुली म्हणजे मनाई. हे मला तेव्हाही कळत होतं. त्याआधी दहा वर्षांत असा प्रसंग दोनदा आला होता, एकदा दादाच्या तोफा चिखलात आणि एकदा तुझे घोडेस्वार चढावर, आणि दोन्ही वेळा मी एक घर दिलं होतं. तुम्ही दोघांनीही कुरकुर न करता ते मानलं होतं. त्या दिवशी मी दोन्ही चिठ्ठ्या समोर ठेवून ओट्याला टेकून उभा राहिलो. तू ओरडलास, 'काका, झोपलास का?' मी तुझ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'नामंजूर. दलदल. भूभागाची मनाई.'

तू दारापर्यंत आलास आणि दादाला ऐकू जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात म्हणालास, 'काका, महाग म्हणजे मनाई नव्हे. तूच सांगितलं होतंस.' मी म्हणालो, 'पंचाचा निर्णय.' माझ्या तोंडावरची माशी हलली नसेल. तू परत गेलास. एकोणिसाव्या चालीला तू तीच ओळ पुन्हा लिहून पाठवलीस. विसाव्याला नुसतं एक प्रश्नचिन्ह. मी दोन्हींवर तेच लिहिलं. मग सोंगट्या भरल्या, टेबल पुसलं, ताटं मांडली. जेवताना दादा सारखा तुझ्याकडे बघत होता. तू ताटातून मान वर केली नाहीस. नंतर माझ्याबरोबर भांडी घासताना तू माझ्या खांद्यावर कोपर टेकवून म्हणालास, 'मनाला लावून घेऊ नकोस, काका. तू एक घर दिलं असतंस तरी पूल बंदच होता.' माझ्या हातात पातेलं होतं. मी ते दोनदा घासलं.

त्यानंतरची सहा वर्षं तू शब्दाला जागलास. सकाळी आठला दुकान, मुकाट्याने काम, पवनचक्कीचं नाव नाही. एखाद्याला खोलीत कोंडावं आणि त्याने दार वाजवायचंही सोडून द्यावं, तसा तू दिसायचास. तुला वाटायचं, बाबा आता जिंकल्याच्या तोऱ्यात आहेत. कारण दादा बदलला होता खरा. तुला नव्या मशीनची निवड करू द्यायचा, मोठ्या गिऱ्हाइकांशी तुझी ओळख करून द्यायचा, माझ्याजवळ म्हणायचा, 'पोराने मन लावलंय हां.' शेवटी तुला न विचारता त्याने पाटी रंगवून आणली, तुझं नाव त्याच्या नावाच्या वर. तू ती बघितलीस आणि म्हणालास, 'थडग्यावर घालतात तसं नाव घातलंत माझं.' त्याच आठवड्यात तू बॅग भरलीस. दादा त्या पाटीकडे बघत बसला. त्याला खरंच कळत नव्हतं. मला विचारायचा, 'असं काय केलं मी? आपणहून राहिला होता ना तो?' मी म्हणायचो, जाऊ दे, येईल. तोवर पवनचक्क्यांच्या नोकरीचं तुझं वय उलटून गेलं होतं. आता तिकडे लिफ्ट सांभाळतोस. वाईट काम नाही ते, पण तुला पाहिजे होतं ते नाही, हे मला माहीत आहे.

'आपणहून राहिला होता' हे दादाला का वाटायचं, ते आता सांगायलाच हवं. शेवटच्या आठवड्यात तो दवाखान्यात होता. दुपारची वेळ होती, मी त्याची नखं कापत होतो. तो एकाएकी म्हणाला, 'त्या डावात मी तीन चाली पूल मोकळा ठेवला होता. त्याला दिसला नसेल का रे?' मी नखं कापत राहिलो. तो म्हणाला, 'हरव आणि जा म्हणून बसलो, आणि मग वाटलं, हे काय करतोय आपण. पण तोंडाने कसं सांगणार? म्हटलं, पूल सोडतो, पोरगा समजेल. तू सांग ना. आता कुठे डाव चाललाय? दिसला होता का?' बारक्या, त्याने आयुष्यात पहिल्यांदा पंचाला असं काही विचारलं होतं. आणि मी म्हणालो, 'दिसला असेल.' दादाने डोळे मिटले. 'म्हणजे तेव्हा खरंच राहावंसं वाटलं होतं त्याला,' म्हणाला. त्याचा चेहरा बरा दिसत होता. तो खोट्यावर बरा दिसत होता. पाच दिवसांनी तो गेला. तू तीन तासांसाठी आलास, सगळ्यांच्या मागे उभा राहिलास आणि गेलास, आणि तेव्हाही मी तुझ्या हातात पाण्याचा ग्लास देण्यापलीकडे काही केलं नाही.

अठराव्या चालीची दादाची चिठ्ठी मला पाठ आहे. 'पुलावरच्या दोन्ही तुकड्या उत्तरेला, टेकडीमागे. पूल रिकामा ठेवायचा. तू त्याला काही सांगू नकोस, त्याचा त्याला दिसू दे.' म्हणजे मी तुझं ते एक घर मंजूर केलं असतं, तर पुलाच्या तोंडाशी येऊन तुला पूल रिकामा दिसला असता. ती वाचल्यावर मी तुझी चाल नामंजूर केली, आधी नाही. हा क्रम तुला कळायला हवा. नियमाचा घोळ होता म्हणून चुकलो असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, आणि ती पुस्तिका इतक्या वेळा वाचली की तिची पानं सुटली आहेत. घोळ नव्हता. तू गेलास तर दादाबरोबर त्या घरात मी एकटा राहीन, दुकानात माझी बोटं उघडी पडतील, जेवताना कोणी बोलणार नाही, याची मला भीती वाटली. एवढंच कारण होतं. तुला तुझ्या बापाने अडवलं नाही. त्याने वाट सोडली होती आणि ती मी बुजवली, तुझ्याकडून आणि त्याच्याकडूनही.

रविवारी तू येतो म्हणालास तेव्हा मला बरं वाटलं. ते लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. फोन ठेवून मी तुझ्या खोलीची खिडकी उघडली, झाडून घेतलं, गादीला ऊन दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात तुझ्यासाठी बारीक तारेची कामं बाजूला काढून ठेवायला लागलो. तीन कामं काढल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करतोय. मी फक्त गप्प राहिलो असतो तरी तू आला असतास, बापाला सोडून गेल्याची भरपाई करायला आणि माझी सोबत करायला, आणि म्हातारा होईपर्यंत त्या मोटारींपाशी बसला असतास. म्हणून हे लिहिलं. राजीनामा देऊ नकोस. दुकान मी या वर्षअखेरीला बंद करतोय. चष्मेवाल्याला जागा वाढवायची आहे, त्याच्याशी काल बोललो. माझं मी बघीन. बारीक कामं घेणं थांबवलं आहे, त्या बाईंचा मिक्सरही परत केला. तू माझ्यावर रागावशील, रागाव. पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. भेटायला यावंसं वाटलं तर ये, पण बॅग लहान आण. दादाचा राग मात्र आता काढून टाक, तो त्याच्या वाट्याचा नव्हता.

सकाळी कपडे धुऊन गच्चीवर घातले होते. वाळले असतील. ते काढून आणतो आणि घड्या घालतो.

तुझाच,
काका